शून्य, रिकामं आणि मामाचा गाळा

गेल्या महिन्यात ऑफिसात पिझ्झा आला होता. आयटीत पिझ्झा दोनच कारणांनी येतो. एक, रिलीज अडकलीय आणि रात्री कुणालाच घरी सोडायचं नाहीये. दोन, क्लायंट खूष झालाय. यावेळी दुसरं कारण होतं. क्लायंटच्या सस्टेनॅबिलिटी टीमची मेल आली होती, सोबत आमच्याच डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट. खाली जाणारा हिरवागार बाण आणि शेजारी ‘उणे १४ टक्के’. म्हणजे कंपनीचं एकूण कार्बन उत्सर्जन गेल्या वर्षीपेक्षा १४ टक्क्यांनी कमी. टीमचे आभार वगैरे वगैरे. मी तीन स्लाइस खाल्ले. ते अजून नीट पचलेले नाहीत, म्हणून आजचा शनिवार त्यांच्या नावाने.

आधी मी नेमकं काय काम करतो ते सांगायला हवं, कारण ते सांगणं हाच एक वेगळा प्रॉब्लेम आहे. माझ्यासाठी सध्या स्थळं बघणं चालू आहे. मागे एका बैठकीत मुलीच्या काकूंनी विचारलं, “काय करतोस रे तू हिंजवडीत?” मी म्हटलं, “कंपन्यांनी किती कार्बन सोडला त्याचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर आहे, ते आम्ही बनवतो.” काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे पीयूसी?”

मी तेव्हा हसलो, पण नंतर वाटलं की प्रश्न फारच चांगला होता. पीयूसीवाला निदान सायलेन्सरमध्ये नळी तरी घालतो. आमच्या अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये धूर मोजणारं काहीही नाही. आम्ही बिलं वाचतो. लाईटबिल, डिझेलच्या पावत्या, विमानाची तिकिटं, सप्लायरची इन्व्हॉइसेस. प्रत्येक गोष्टीचं प्रमाण घ्यायचं, त्याला एका ठरावीक गुणकाने गुणायचं आणि बेरीज करायची. बस्स. एक लीटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लीटर पेट्रोल म्हणजे साधारण २.३ किलो. या गुणकाला म्हणतात एमिशन फॅक्टर. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून मी आता चौथीतला गुणाकार करतो :-)

गंमत म्हणजे गुणाकार हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कशाला गुणायचं, ते कुणाच्या नावावर टाकायचं आणि आकडा कुठून आणायचा, सगळी मारामारी तिथे आहे.

कुणाच्या नावावर, याचं उत्तर जवळपास सगळं जग एकाच पुस्तकातून घेतं. त्याचं नाव जीएचजी प्रोटोकॉल. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांची एक जागतिक परिषद यांनी मिळून ते २००१ मध्ये काढलं, २००४ मध्ये सुधारलं. त्यात उत्सर्जनाचे तीन कप्पे आहेत, त्यांना स्कोप म्हणतात. व्याख्या वाचून झोप येते, म्हणून आपल्या हिंजवडीतच बघू.

समजा फेज टू मधली एक इमारत आहे. लाईट गेली आणि मागचा जनरेटर धडधडायला लागला. ते डिझेल कंपनीने स्वतः जाळलं. हा स्कोप १. कंपनीच्या मालकीच्या गाड्या इथेच, कॅन्टीनचा गॅस इथेच. आणि एसीतून गळणारा गॅससुद्धा इथेच, जो कुणाच्या लक्षातच येत नाही. आर-४१०ए नावाचा एसीतला गॅस एक किलो गळला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच सगळे वायू एकाच मापात आणून ‘सममूल्य कार्बन डायऑक्साइड’ असा आकडा लिहितात. दागिने सोन्याचे असोत नाहीतर चांदीचे, शेवटी किंमत रुपयांत सांगायची, तसं.

लाईट आली, जनरेटर बंद झाला. आता वीज तारेतून येतेय. धूर इथे नाही, दूर कुठेतरी एखाद्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतोय. पण वीज आपण वापरली म्हणून तो आपल्या खात्यावर. हा स्कोप २. जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हिंजवडीत अतिउच्चदाबाची भूमिगत वाहिनी बिघडून वीज गेली होती ते आठवत असेल. त्या दिवसांत इथल्या कंपन्यांचा स्कोप २ कमी झाला असणार आणि स्कोप १ वाढला असणार. फक्त स्कोप २ चा ग्राफ बघणाऱ्याला वाटेल, वा, काय वीज वाचवली! प्रत्यक्षात जनरेटर लीटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे युनिटला पाऊण किलोच्या वरच. ग्रिडच्या विजेपेक्षा कमी तर नाहीच.

ग्रिडचा आकडा आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. तो आहे युनिटला साधारण ०.७ किलो. इथे मला सुरुवातीला एक प्रश्न पडला होता. आपल्याकडे कोयना आहे, १९६० मेगावॉट, पाण्यावर चालणारं. आणि चंद्रपूर आहे, २९२० मेगावॉट, कोळशावर. मग माझ्या फ्लॅटला येणारी वीज कोयनेची की चंद्रपूरची? उत्तर असं की ते सांगता येत नाही, आणि हिशोबात विचारायचंही नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडशी एकत्र आलं. तेव्हापासून सगळा देश एकाच हौदातून पाणी काढतो. हौदात कोयनेचं किती आणि चंद्रपूरचं किती याची सरासरी म्हणजे तो ०.७.

तुम्ही म्हणाल, पण एखाद्या कंपनीने पैसे मोजून सोलरची वीज विकत घेतली तर? तर तिला दोन आकडे द्यावे लागतात, एक हौदाच्या सरासरीने आणि एक करारानुसार. २०१५ पासून जीएचजी प्रोटोकॉल असंच सांगतो. अहवालात कुठला आकडा मोठ्या टायपात छापायचा ते मात्र मार्केटिंगवाले ठरवतात.

आणि स्कोप ३ म्हणजे उरलेलं सगळं. त्याचे १५ उपप्रकार आहेत. घेतलेला कच्चा माल, वाहतूक, विमानप्रवास, कचरा, विकलेली वस्तू गिऱ्हाईक वापरतं तेव्हाचं उत्सर्जन, हे सगळं. सातव्या नंबरवर आहे कर्मचाऱ्यांचं ऑफिसला येणं-जाणं. हो, म्हणजे आपण. वाकड पुलाखाली हेल्मेटमध्ये उकडत, समोरच्या बसचा धूर घेत उभे असलेले तुम्ही-आम्ही कुठल्यातरी कंपनीच्या स्कोप ३ मध्ये सातव्या ओळीत आहोत.

आमच्याच ऑफिसात या प्रकाराचा सर्व्हे झाला होता. ‘आपण कसे येता, किती किलोमीटर, आठवड्यातून किती दिवस?’ मी इमानदारीत भरलं. बाईक, जाऊन-येऊन १८ किलोमीटर, तीन दिवस. सिस्टीमने किलोमीटरला ठरावीक ग्रॅम लावून आकडा काढला. त्या गुणकाला काय माहीत की हे १८ किलोमीटर म्हणजे दोन तास आहेत, आणि त्यातला निम्मा वेळ इंजिन चालू ठेवून एक पाय टेकवून उभं राहणं आहे. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून आजवर तिच्या खांबांच्या आडोशाने जितकं पेट्रोल जळलं त्याचा हिशोब कुठल्या स्कोपमध्ये घालायचा, देव जाणे.

असो. मुद्दा असा की स्कोप १ आणि २ चे आकडे तरी कंपनीच्या स्वतःच्या बिलांत सापडतात. सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा अहवालाचा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा केला. त्यात स्कोप १ आणि २ आवश्यक गटात ठेवले, स्कोप ३ ऐच्छिक गटात. कारण उघड आहे. स्कोप ३ ची बिलं दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असतात. माल बनवणाऱ्या कंपनीत बहुतेक वेळा सगळ्यात मोठा ढीग मात्र तिथेच असतो.

मग दुसऱ्याचं उत्सर्जन काढायचं कसं? सोपी पद्धत म्हणजे पैशांवरून. तुम्ही सप्लायरला वर्षाला किती रुपये दिले बघा, त्या धंद्याला लागू असलेला ‘रुपयाला इतके ग्रॅम’ असा सरासरी गुणक लावा. सगळे सुरुवात इथूनच करतात, आमच्या क्लायंटनेही केली. यात अडचण अशी की सप्लायरने रेट दहा टक्के वाढवला की त्याचं उत्सर्जनही कागदावर दहा टक्के वाढतं. बिचाऱ्याने एक युनिट वीज जास्त वापरलेली नसते. आणि उलट त्याने छपरावर सोलर बसवलं, नवीन मोटर घेतली, तरी आकडा ढिम्म हलत नाही.

म्हणून पुढची पायरी अशी की सप्लायरलाच विचारायचं, बाबा रे, तुझी वीज किती, डिझेल किती? त्यासाठी आम्ही एक पोर्टल बनवलं. सप्लायरला लिंक जाते, तो फॉर्म भरतो आणि पैशांवरून काढलेल्या अंदाजाच्या जागी त्याचा खरा आकडा बसतो. यंदा पहिल्यांदा ते लाईव्ह गेलं. दोनशेच्या वर सप्लायरनी फॉर्म भरले. मग उणे १४ टक्के आले. मग पिझ्झा आला.

आता मामा.

माझ्या मामांचा भोसरीत गाळा आहे. चार सीएनसी, एक कॉम्प्रेसर, सात माणसं. बुश, फ्लँज असलं जॉबवर्क करतात. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते, त्यामुळे मामांचे फोन गुरुवारी येतात. पिझ्झ्यानंतरच्या गुरुवारी आला. “अरे, एक मेल आलीय कंपनीची. कार्बनचं काहीतरी भरून मागतायत. तू तेच करतोस ना? शनिवारी ये जेवायला.”

ती मेल आमच्या पोर्टलची नव्हती. मामा ज्यांना माल देतात त्या कंपनीने दुसऱ्याच कुणाचं तरी सॉफ्टवेअर घेतलं होतं. पण फॉर्म उघडला आणि मला आपलंच बाळ दिसल्यासारखं झालं. तीच भाषा, त्याच रकाना क्रमांकांच्या ओळी, तेच लाल फुलीचं चिन्ह, ‘हे भरणे आवश्यक आहे’.

मामांनी पहिलं पान आधीच भरून टाकलं होतं. वीज, शून्य. डिझेल, शून्य. एसीचा गॅस, शून्य. कचरा, शून्य.

मी म्हटलं, “मामा, चार सीएनसी काय देवाच्या कृपेवर चालतात का? वीज शून्य कशी?”

“अरे, मीटर गाळामालकाच्या नावावर आहे. दोन गाळ्यांत मिळून एक बिल. माझं किती, शेजारच्या पॅकिंगवाल्याचं किती, ते कुठे वेगळं आहे? मी महिन्याला ठरलेली रक्कम देतो. खरा आकडा मला माहीत नाही. आणि रिकामं सोडलं तर हे पुढेच जात नाही. मग शून्य टाकलं.”

“आणि डिझेल?”

“टेम्पोत टाकतो, रोख. पावत्या आहेत कुठेतरी. पण मला वाटलं ते टेम्पोचं आहे, गाळ्याचं कुठे आहे?”

टेम्पो, म्हणजे छोटा हत्ती, मामांच्याच नावावर आहे. म्हणजे तो मामांचा स्कोप १. भाड्याचा असता तर स्कोप ३ मध्ये गेला असता. हे मी समजावत असताना मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “म्हणजे आपला असला की पाप आपलं आणि भाड्याचा असला की दुसऱ्याचं?” मी म्हटलं, “नाही मामी, तरी आपल्याच वहीत, पण वेगळ्या पानावर.” तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

जेवणानंतर आम्ही दोघं बिलं घेऊन बसलो. दोन्ही गाळ्यांची मिळून महिन्याला सहा हजार युनिटच्या आसपास. शेजारच्याकडे पॅकिंग मशीन आणि पंखे. मशीनच्या नावाच्या पट्टीवरचे किलोवॉट आणि रोजचे तास धरून अंदाज काढला. मामांचे साधारण चार हजार. गुणिले ०.७ म्हणजे २.८ टन, वर्षाचे ३३.६ टन. डिझेल महिन्याला ६० लीटर, म्हणजे वर्षाला दोन टनाला थोडं कमी. एकूण साडेपस्तीस टन. निम्मा माल त्या एका कंपनीला जातो, म्हणजे तिच्या हिशोबात पावणेअठरा टन.

मामा बराच वेळ आकड्याकडे बघत होते. “एवढा? अरे, माझ्या गाळ्याला चिमणीसुद्धा नाही.”

“चिमणी चंद्रपूरला आहे, मामा.”

“आणि मी शून्य लिहिलं असतं तर?”

“तर त्या कंपनीचं उत्सर्जन पावणेअठरा टनांनी कमी झालं असतं. फक्त कागदावर.”

“म्हणजे हे गैरहजर आणि नापास यांच्यासारखं झालं,” मामा म्हणाले. “पोरगं परीक्षेला बसलंच नाही तर प्रगतिपुस्तकात गैरहजर लिहितात. भोपळा देत नाहीत. इथे गैरहजर लिहायला जागाच नाही.”

माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला होता. उणे १४ टक्के. दोनशेच्या वर सप्लायर. आणि आमच्या फॉर्ममध्येसुद्धा गैरहजर लिहायला जागा नाही, हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती जागा मीच काढून टाकली होती.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. रिकाम्या रकान्यांमुळे बेरजेचा कोड सारखा फुटत होता. डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल अधिक पाच बरोबर नल. एक रकाना रिकामा राहिला की अख्खी बेरीज गायब. टेस्टिंगवाल्यांनी ढीगभर बग टाकले. मी एका दुपारी एका ओळीत सगळे सोडवले. रकाना सक्तीचा करायचा आणि तरीही नल आलंच तर त्याचं शून्य धरायचं. रिव्ह्यूमध्ये मला ‘छान, सुटसुटीत’ अशी शाबासकीही मिळाली. नल आणि शून्य वेगळे असतात हे कॉलेजात डेटाबेसच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मला मार्कही होते त्यात. नळाला पाणी नसणं वेगळं आणि घरात नळच नसणं वेगळं, हे टँकरवर जगणाऱ्या माझ्या सोसायटीतल्या पोराटोरांनाही कळतं.

सोमवारी ऑफिसला लवकर गेलो. एक साधी क्वेरी मारली. असे सप्लायर दाखव, ज्यांचा धंदा मशीनिंग, फोर्जिंग, कास्टिंग किंवा प्लेटिंग आहे आणि वीज शून्य आहे. साठच्या आसपास नावं आली. विजेशिवाय प्लेटिंग करणारे नऊजण! नोबेल द्यायला हवं त्यांना.

त्या साठजणांना परत पैशांवरच्या अंदाजावर टाकलं. १४ चे ६ झाले. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. गेल्या वर्षीचा आकडा पूर्ण अंदाजावर, यंदाचा निम्मा खऱ्या बिलांवर. मोजपट्टीच बदलली. पद्धत बदलून आकड्यात मोठा फरक पडत असेल तर आधारवर्षही नव्या पद्धतीने पुन्हा काढायचं, असं जीएचजी प्रोटोकॉलमध्ये स्वच्छ लिहिलंय. आम्ही ते केलं नव्हतं. मिळेल त्या माहितीवर ते करून बघितलं. ६ चे ३ झाले.

मॅनेजरला सांगायला गेलो. (तिला मॅडम म्हटलेलं आवडत नाही.) तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “क्लायंटला माहितीये?”

“नाही.”

“त्यांनी विचारलंय?”

“नाही.”

“पुढच्या आठवड्यात त्यांचं अ‍ॅश्युरन्स आहे, माहितीये ना?”

अ‍ॅश्युरन्स म्हणजे बाहेरची संस्था येऊन आकडे तपासते. आर्थिक ऑडिटसारखंच, पण कार्बनचं. ते दर वेळी सगळं तपासत नाहीत, नमुने काढून बघतात. साठपैकी एकही नमुन्यात आला नसता तर कुणाला काही कळलं नसतं. आम्ही दोघंही हे जाणत होतो आणि दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही. मग ती म्हणाली, “कॉल मी लावते. पण बोलणार तू. कोड तुझा आहे.”

त्या कॉलआधी मी दोनदा बाथरूमला जाऊन आलो. पलीकडे क्लायंटच्या सस्टेनॅबिलिटी टीमच्या प्रमुख होत्या. मी स्क्रीन शेअर करून सगळं दाखवलं. सक्तीचा रकाना, शून्य, साठ नावं, आधारवर्ष. बोलणं संपल्यावर पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटलं नेट गेलं.

“१४ चा आकडा आमच्या बोर्डाच्या प्रेझेंटेशनमध्ये गेलाय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि आता तुम्ही म्हणताय ३.”

“हो.”

“हे ३ तरी खरे आहेत का?”

सगळ्या कॉलमधला हाच प्रश्न खरा होता आणि त्याचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते सांगितलं. म्हटलं, “त्यातला काही भाग बिलांवरून आलाय आणि काही अंदाज आहे. अंदाजाचा भाग किती, ते आतापर्यंत आमच्या स्क्रीनवर दिसत नव्हतं. पुढच्या रिलीजपासून दिसेल.”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त साठ नावांची यादी मागितली आणि फोन ठेवला. अहवालात शेवटी ३ गेले, खाली एक तळटीप गेली. बोर्डापुढे त्यांना काय ऐकावं लागलं मला माहीत नाही. पुन्हा पिझ्झा काही आला नाही.

नव्या फॉर्ममध्ये आता प्रत्येक रकान्याला तीन पर्याय आहेत. आकडा भरा, किंवा ‘हे आमच्याकडे वापरलं जात नाही’, किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’. दुसरा पर्याय म्हणजे खरं शून्य. तिसरा म्हणजे मामांचं गैरहजर. डॅशबोर्डवर बिलातून आलेला भाग गडद रंगात आणि अंदाजाचा भाग फिक्या रंगात दिसतो. डिझायनरला ते आवडलेलं नाही. तो म्हणतो ग्राफ आजारी दिसतो.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. जुन्या शून्यांमधली खरी कुठली आणि नाइलाजाने टाकलेली कुठली, हे डेटाबेसकडे बघून आता सांगताच येत नाही. एखाद्याकडे खरंच डिझेल लागत नसेल. एखाद्याला पावत्या सापडल्या नसतील. दोघांनी शून्यच टाकलंय. तो फरक माझ्या एका ओळीने पुसला गेलाय आणि पुसलेलं परत आणायची कुठलीही क्वेरी नाही. शेवटी एकेकाला फोन करून विचारावं लागतंय. त्यातले वीस फोन मी स्वतः केले. मराठीत बोललं की लोक मोकळेपणाने सांगतात, हा एक शोध लागला. “साहेब, खरं सांगू का? मला वाटलं शून्य टाकलं की लवकर सुटका होते,” असं किमान आठजण म्हणाले. एकाने मलाच विचारलं की जास्त आकडा लिहिला तर ऑर्डर जाईल का? मी म्हटलं, “मला माहीत नाही.” खरंच माहीत नाही. युरोपने सीबॅम नावाचा जो नियम आणलाय, त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलादाच्या मालाचे उत्सर्जनाचे आकडे द्यावे लागतात आणि २०२६ पासून त्यात पैशांचाही हिशोब आला. नट-बोल्टसुद्धा त्यात येतात. तेव्हा त्या माणसाची भीती अगदीच पोकळ नाही. पण त्याच नियमात हेही आहे की खरा आकडा दिला नाही तर दुसऱ्याने ठरवलेला आकडा चिकटतो. आणि तो आपल्या सोयीचा असेलच असं नाही.

मामांनी त्यांच्या फॉर्ममध्ये चार हजार युनिट लिहिले आणि शेरा लिहायच्या चौकटीत मराठीत लिहिलं, ‘मीटर सामायिक असल्याने अंदाजे’. पलीकडच्या सॉफ्टवेअरने तो शेरा वाचला की नाही कुणास ठाऊक. पण मग त्यांनी स्वतःच वायरमनला बोलावून गाळ्याला वेगळा सबमीटर बसवून घेतला. म्हणाले, “दुसऱ्याला अंदाजे सांगायची लाज वाटली रे. धंदा माझा, आणि माझी वीज मलाच माहीत नाही?”

परवा गुरुवारी पुन्हा फोन आला. “अरे, गंमत ऐक. बुधवारी रात्री कुलूप लावताना रीडिंग लिहून ठेवलं. आज सुट्टी, एक मशीन चालू नाही. संध्याकाळी जाऊन बघितलं तर मीटर चाळीस युनिट पुढे.”

“मग कोण खातंय?”

“कॉम्प्रेसर. कुणीतरी बंदच करत नाही. पाइपातून हवा गळते, प्रेशर उतरतं, तो आपोआप चालू होतो, परत भरतो, परत गळते. किती वर्षं चाललंय देव जाणे.”

चाळीस युनिट म्हणजे २८ किलो, मी मनात गुणाकार केला. मामांनी रुपयांत केला असणार. येत्या गुरुवारी साबणाचं पाणी घेऊन पाइपांची गळती शोधायची आहे. मलाही बोलावलंय. रजा टाकलीय.